आतून पुसून द्या

अमीनभाईंच्या दुकानातून मी आयुष्यात एकदाही काही विकत घेतलेलं नाही. तरी त्यांच्या धंद्याचं जेवढं वाटोळं मी केलं तेवढं कुठल्या हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकानेही केलं नसेल. हे लिहायला बसलो तेव्हा पहिला विचार आला की यात नाव बदलावं का. त्यांचं नव्हे, माझं. म्हणून आधी तेच लिहून टाकतो. श्यामसुंदर दातार, निवृत्त लॅब टेक्निशियन, राहणार वारजे. आता पळवाट उरली नाही.

अमीनभाईंचं मटणाचं दुकान भवानी पेठेतल्या एका गल्लीत आहे. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. कडप्प्याचा ओटा, त्यावर चिंचेचा ओंडका, मध्यभागी झिजून खळगा पडलेला. तो खळगा निम्मा वडिलांनी पाडला आणि निम्मा मी, असं अमीनभाई सांगत. वडील म्हणजे उस्मानचाचा. वय त्र्याऐंशी, कान जवळजवळ गेलेले. आठवडाभर ते मागच्या खोलीत पडून असत, पण रविवारी टोपी घालून दुकानात येत आणि काट्यापाशी खुर्ची टाकून बसत. रविवारी वजन करायचं ते त्यांनीच. गिऱ्हाईक काय मागतंय ते अमीनभाई त्यांना बोटांनी खुणावत आणि चाचा तोलून देत.

त्या दुकानात फ्रीज नव्हता. परवडत नव्हता म्हणून नव्हे, ठेवायचाच नव्हता. पहाटे कत्तलखान्यातून माल आणायचा आणि दुपारी एकला दुकान धुऊन बंद करायचं. उरलंसुरलं शेजारीपाजारी वाटून टाकायचं. फ्रीज दारात आला की त्याच्या मागोमाग शिळं येतं, हा उस्मानचाचांचा नियम होता आणि अमीनभाईंनी तो पंचावन्नाव्या वर्षापर्यंत पाळला. त्यांना खरं तर जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. अकरावीला सायन्सला नाव घातलं होतं, पण त्याच वर्षी उस्मानचाचांचा हात मोडला आणि अमीनभाई ओंडक्यापाशी उभे राहिले ते कायमचे. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, आणि सांगताना सत्तूर थांबवला नाही.

माझी आणि त्यांची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. आमच्या घरी चातुर्मासात लसूणसुद्धा येत नाही. मी स्वारगेटजवळच्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात प्रयोगशाळेत होतो. तिथे पूर्वी बेडूक असत. बेडकाचं हृदय बाहेर काढलं तरी मिठाच्या पाण्यात ते धडधडत राहतं, आणि वर ॲड्रेनलिनचा थेंब टाकला की जोरात आकसायला लागतं. हे मी काही हजार मुलांना दाखवलं असेल. मग नियम बदलले, बेडूक बंद झाले, आणि संशोधनाला लागेल तो अवयव कत्तलखान्यातून आणायचा अशी पद्धत पडली. बेडूक मला चालत होते, बकरा चालत नव्हता. याला तर्क नाही, पण माणसाची किळस तर्काने थोडीच चालते.

अपूर्वा नावाची एक मुलगी आमच्याकडे पीएचडी करायला आली, आणि तिला रोज बकऱ्याचं ताजं हृदय हवं झालं. तिचा विषय तिने मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला. आमच्याकडे असं कोणी करत नसे, टेक्निशियनला काय समजवायचं म्हणून. ती म्हणाली, हृदयाला आतून एक अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. तसंच अस्तर शरीरातल्या प्रत्येक रक्तवाहिनीलाही असतं. लोकांना वाटतं की ते नुसतं गुळगुळीत वेष्टन आहे, पण ते स्नायूला सतत निरोप पाठवत असतं. काही निरोप आवळ म्हणणारे, काही सोड म्हणणारे. अस्तर शाबूत असलं तर हृदयाचं आकुंचन जरा जास्त वेळ टिकतं, अस्तर गेलं की स्नायू लवकर सैल पडतो. आता अशा हृदयावर उत्तेजक औषध पडलं तर काय होतं, हे तिला पाहायचं होतं. तंबाखू, साखर आणि रक्तदाब यांनी हे अस्तर खराब होतं. तसा माणूस ताकदीसाठी किंवा जागरणासाठी उत्तेजकं घेऊ लागला तर त्याचं हृदय धडधाकट माणसासारखंच वागेल का, की वेगळं?

प्रयोग सांगायला सोपा होता. हृदयाच्या कप्प्यात दोऱ्यासारखे बारीक स्नायू असतात. त्यातले दोन घ्यायचे. एक तसाच ठेवायचा, दुसरा साबणासारख्या एका द्रावात क्षणभर बुडवून त्याचं अस्तर काढून टाकायचं. दोन्ही कोमट खारट पाण्यात टांगायचे, प्राणवायू सोडायचा, विजेचे बारीक झटके देऊन आकसवायचे, आणि मग उत्तेजक औषधाचा तोच डोस दोघांना द्यायचा. संगणकावर दोन रेघा उमटत. त्या रेघांत फरक पडतो का, एवढाच प्रश्न. त्यावर तिची पदवी अवलंबून होती.

हृदय कुठून आणायचं याचा शोध घेताना कोणीतरी अमीनभाईंचं नाव सांगितलं. मी पायरीवर नाक दाबून उभा राहिलो आणि काम सांगितलं. ते ऐकून हा माणूस असा खुलला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मला आमचा थर्मास फ्लास्क उघडायला लावला, आतलं थंड खारं पाणी पाहिलं, त्यात काय काय घातलंय ते विचारलं आणि सांगितलेलं लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून तो फ्लास्क ते स्वतः कत्तलखान्यात घेऊन जाऊ लागले. हृदय निघाल्यापासून पाण्यात पडेपर्यंत दोन मिनिटं लागत नसत. पैशांचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि शिकायच्या कामाचे कसले पैसे म्हणाले.

पहिल्या तीन दिवसांतच माझी वाट लागली. फ्लास्क उघडला की आत रक्ताच्या गाठी, पाणी लाल. चौथ्या दिवशी मी लॅबच्या बेसिनमध्ये ओकलो आणि अपूर्वाने पाहिलं. तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाने पंचवीस वर्षांच्या मुलीसमोर ओकावं याची मला लाज वाटली. आज जी वाटते तिच्या मानाने ती काहीच नव्हती. पाचव्या दिवशी मी अमीनभाईंना म्हणालो, "जरा स्वच्छ करून देत चला हो. आतून पुसून द्या."

एवढंच वाक्य. ते मी कोणाला सांगितलं नाही, अपूर्वाच्या गाईड सरांना नाही, तिलाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

त्यांच्या धंद्यात स्वच्छ या शब्दाला अर्थ असतो. वजडी कशी साफ करतात ते त्यांनी मला दाखवलं होतं. आतडं उलटं करायचं, गरम पाणी ओतायचं, आणि आतली साय पांढरीशुभ्र होईपर्यंत खरवडायची. ज्याच्या वजडीला वास आला त्याचं त्या गल्लीत नाव गेलं. मी साहेब माणूस, त्यातून शाकाहारी, मला रक्ताचा थेंब दिसता कामा नये हे त्यांनी मनावर घेतलं. हमीदाभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एका जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे उकळून, वाळवून डब्यात भरून दिले. रोज पहाटे कत्तलखान्याच्या नळापाशी उभं राहून अमीनभाई हृदय चिरत, मलमल बोटाला गुंडाळत आणि एकेक कप्पा आतून पुसून काढत. मग आमच्याच खाऱ्या पाण्यात खळखळून फ्लास्कमध्ये ठेवत. एकदा त्यांनी झाकण काढून मला दाखवलंही. "बघा, साहेब, आरशासारखं." आणि मी म्हणालो, वा.

सहा महिने प्रयोग चालले. स्नायू आकसत होते, औषधाला दाद देत होते, पण दोन रेघांत फरक म्हणून पडेना. अस्तर ठेवलेला स्नायू आणि अस्तर काढलेला स्नायू जुळ्या भावांसारखे वागत होते. अपूर्वाने मशीन बदललं, पाण्याचं तापमान बदललं, औषधाची बाटली बदलली. ती बारीक झाली. जेवणाचा डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. सोमवारी समितीपुढे अहवाल द्यायचा म्हणून सरांनी आम्हाला आषाढातल्या शेवटच्या रविवारी सकाळी बोलावलं. त्यांनी सगळ्या रेघा पाहिल्या आणि कागद टेबलावर टाकले. टिश्यू शिळा आहे, म्हणाले. मग माझ्याकडे वळून, सगळ्या मुलांसमोर, दातार, तीस वर्षं झाली ना तुम्हाला, ताजं आणि शिळं कळत नाही का, म्हणाले.

मला कळत होतं. शिळं नसतं हे मला पक्कं माहीत होतं. कित्येक सकाळी फ्लास्कमधलं ते हृदय लॅबमध्ये येईपर्यंत स्वतःहून हलत असे, शिळं हृदय असं हलत नाही. हे मी तिथे बोलायला हवं होतं. पण अंगाचा तिळपापड झाला होता आणि सरांसमोर तोंड उघडायची छाती नव्हती. मग वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ठरलं. स्कूटर काढली आणि थेट भवानी पेठेत गेलो.

गटारीचा रविवार. उद्यापरवा श्रावण लागणार, म्हणून सगळ्या पुण्याला त्याच दिवशी मटण खायचं होतं. रांग पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलेली. अकरा वाजले होते. मी रांग ओलांडून पायरीवर चढलो, आणि जी जीभ सरांपुढे टाळ्याला चिकटली होती ती इथे सुटली.

"अमीनभाई, सहा महिने आम्हाला शिळा माल देताय. कॉलेजच्या लॅबमध्ये निघालंय तसं."

सत्तूर थांबला. अमीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी काट्याकडे पाहिलं, जिथे उस्मानचाचा बसले होते. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. मग त्यांनी हात धुतले, पुसले, फळीवर पालथा वाळत ठेवलेला आमचा फ्लास्क उचलला आणि माझ्या हातात दिला. "घेऊन जा, साहेब," एवढं म्हणाले. वाद नाही, शपथ नाही, विचारणं नाही. रांगेतला एक माणूस पिशवीची घडी करत बाहेर पडला. त्याच्या मागून अजून दोघं. लॅबमध्ये निघालंय म्हटल्यावर कोण कशाला थांबेल? नुसता मी म्हणालो असतो तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. मी कॉलेजला मध्ये आणलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुसरीकडून हृदय आणू लागलो. तो माणूस आपल्या कामाशी काम ठेवणारा होता. फ्लास्क पुढे केला की हृदय तसंच आत टाकायचा, रक्तासकट, आणि वर बघायचाही नाही. मी श्वास रोखून फ्लास्क आणायचो. आणि पहिल्याच आठवड्यात फरक दिसायला लागला. अस्तर असलेला स्नायू जास्त वेळ आवळून धरत होता, अस्तर काढलेला लवकर सुटत होता, आणि उत्तेजक औषध दिल्यावर दोघांच्या रेघा अगदी वेगळ्या वाटांनी जात होत्या. अपूर्वा खुर्चीवर बसून रडली. सर म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं? सगळ्यांनी माना डोलवल्या, मीही डोलवली. मला तेव्हा खरोखरच वाटलं की चला, आपण बोललो ते काही अगदीच चूक नव्हतं.

तो आनंद मला तीन दिवस पुरला. गुरुवारी मी एका हृदयातली रक्ताची गाठ बोटाने काढायला गेलो तेव्हा अपूर्वाने माझा हात धरला. "काका, आतून बोट लावू नका," ती म्हणाली. "नुसत्या बोटानेसुद्धा अस्तर निघून जातं. कापूस, कापड, काही लागता कामा नये."

मी हात मागे घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. मलमल. हमीदाभाभींनी उकळून दिलेली मलमल. आरशासारखं. सहा महिने तो माणूस माझ्या सांगण्यावरून, माझ्या किळसेपायी, प्रत्येक हृदयातलं अस्तर मन लावून पुसून काढत होता. म्हणून तर दोन्ही स्नायू जुळे भाऊ होते. अपूर्वा ज्याचं अस्तर आहे म्हणत होती त्यालाही ते नव्हतंच. माल शिळा नव्हता. तो इतका स्वच्छ होता की त्यात तिला हवं ते काही उरलंच नव्हतं. आणि ज्याने कसलीही काळजी घेतली नाही त्याच्या हृदयांनी तिला पदवीच्या वाटेला लावलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि चोर खिडकीपाशी उभा राहून बाहेरची झाडं बघत होता.

त्याच क्षणी बोललो असतो तर काय झालं असतं? सर दोन शब्द बोलले असते. अपूर्वा चिडली असती. संध्याकाळी मी भवानी पेठेत जाऊन पाय धरले असते. पण मी मूग गिळून गप्प बसलो. उद्या सांगू म्हटलं. मग पुढचा अहवाल होऊ दे म्हटलं, मग पेपर छापून येऊ दे, मग तिची पदवी होऊ दे. निमित्तांना काय तोटा. अशी तीन वर्षं गेली.

त्या तीन वर्षांत मी त्या गल्लीतून फार तर चार वेळा गेलो असेन, तेही हेल्मेटची काच खाली ओढून. पहिल्या वेळी रांग पायरीपुरती होती. दुसऱ्या वेळी दुकानात फ्रीज दिसला. पांढरा, नवा, वर प्लास्टिकचं फुलाफुलांचं कापड घातलेलं. गिऱ्हाइकं कमी झाली की माल उरतो, रोज वाटून तरी किती टाकणार? मी जे खोटं बोललो होतो ते मीच हळूहळू खरं करत आणलं होतं. तिसऱ्या वेळी रविवार होता. उस्मानचाचा काट्यापाशी बसले होते. अमीनभाईंनी एक तुकडा पुढे सरकवला. चाचांनी तो उचलला, नाकाशी नेला, वास घेतला आणि मग काट्यावर ठेवला. दुसरा तुकडा, पुन्हा तसंच. अमीनभाई ओंडक्याकडे बघत उभे होते. मी मनात म्हटलं, म्हातारा काळजी घेतोय, गिऱ्हाइकांना बरं वाटत असेल. एवढ्यावर मी स्वतःची समजूत काढली आणि ॲक्सिलरेटर पिळला.

यंदा मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी अपूर्वा आली, आता डॉक्टर अपूर्वा. तिने मला आपल्या प्रबंधाची बांधीव प्रत दिली आणि आभाराचं पान उघडून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की ताजे अवयव काळजीपूर्वक मिळवून दिल्याबद्दल श्री. श्यामसुंदर दातार यांची मी ऋणी आहे. मी ते वाचलं आणि मला ते पान हातात धरवेना. बाकीचे लोक सामोशांच्या मागे होते. मी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं, ओकण्यापासून मलमलपर्यंत. मग तिने विचारलं, "हे त्यांना सांगितलंत?"

मी नकारार्थी मान हलवली. तिने प्रबंध माझ्या हातातून काढून घेतला नाही, पण आभाराचं पान मिटलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी साडेबाराला मी गेलो. वेळ विचार करून निवडली होती. मंगळवारी गिऱ्हाईक कमी असतं आणि साडेबाराला दुकान आवरायला घेतात. जुना फ्लास्क घासून पुसून पिशवीत घातला होता. तो कशासाठी नेला ते मलाही ठाऊक नाही, रिकाम्या हाताने जाववत नव्हतं म्हणून असेल. अमीनभाई ओटा धूत होते. केस पांढरे झाले होते. मला ओळखलं, नमस्कार केला, स्टूल पुढे सरकवलं. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली आणि अस्तर काय, निरोप काय, दोन रेघा काय, सगळं सांगितलं. पाण्याचा नळ बंद करून ते ऐकत राहिले. अकरावीत सायन्स सुटलेला तो माणूस माझ्या अर्ध्यामुर्ध्या सांगण्यातून नेमकं तेवढं उचलत होता.

माझं बोलणं संपल्यावर त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे त्या मुलीचे सहा महिने माझ्या हातून वाया गेले?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी क्षमा मागायला आलो होतो आणि हा माणूस माझ्यासमोर अपराध्यासारखा उभा होता. मी म्हणालो, तुमच्या हातून नाही, माझ्या तोंडून. मीच म्हटलं होतं आतून पुसून द्या म्हणून. आणि शिळं नाही हे ठाऊक असूनही मीच शिळं म्हणालो. त्यांनी मुलीची पदवी झाली का ते विचारलं. झाली म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. मग ते पुन्हा ओट्यापाशी गेले, नळ सोडला, ओंडक्यावरून एकदा पाणी फिरवलं. फ्लास्क मी ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवला होता. तो त्यांनी उचलून माझ्या पिशवीत परत ठेवला.

"दातारसाहेब," ते म्हणाले, "तुम्ही बोललात तेव्हा रविवार होता."

मी घरी आलो तो धुसफुसतच. माणसाने स्वतः येऊन कबूल केलं, आणखी काय हवं, असं बायकोला म्हणालो. तिला सगळी हकीकत प्रथमच कळत होती. ती म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, वाजतगाजत अपमान करायचा आणि माफी मंगळवारी दुपारी मागायची होय. मग तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

रविवारी मी दहा वाजता रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे नऊ माणसं होती. तेवढीच होती, गिरणीपर्यंत नव्हती. मागून कोणीतरी दातारकाका म्हणून हाक मारली. आमच्याच सोसायटीतला वरद, भवानी पेठेत सासुरवाडीला आलेला. तुम्ही इथे कसे काय, म्हणून त्याने डोळे मोठे केले. दातारांनी मटण सुरू केलं ही बातमी संध्याकाळपर्यंत वारज्यात पोचणार हे मला दिसत होतं. नेहमीचा मी असतो तर लगेच खुलासा केला असता. त्या दिवशी म्हटलं, पोचू दे.

माझी पाळी आली. अमीनभाईंनी सत्तूर खाली ठेवला आणि वाट पाहू लागले. मी लॅबमध्ये बोलायचो तशा बेताच्या आवाजात म्हणालो की तीन वर्षांपूर्वी इथे मी यांचा माल शिळा म्हणालो होतो, ते खोटं होतं. रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुठला माल, कसली लॅब, त्यांना काही ठाऊकच नव्हतं. ज्यांनी तेव्हा ऐकलं होतं ते तीन वर्षांपूर्वीच पिशव्यांच्या घड्या करून निघून गेले होते. मग कोणासाठी बोलतोय मी? मी अमीनभाईंकडे पाहिलं. ते पुन्हा तिकडेच बघत होते, काट्याकडे.

"जोरात बोला, साहेब," ते म्हणाले. "अब्बांना कमी ऐकू येतं."

तेव्हा मला कळलं. उस्मानचाचांना गिऱ्हाइकाचं मागणं ऐकू येत नाही, ते बोटांनी खुणवावं लागतं. हमीदाभाभींची हाक ऐकू येत नाही. पण त्या रविवारी माझं वाक्य त्यांना ऐकू गेलं होतं. मी किती मोठ्याने ओरडलो असेन त्या दिवशी! आणि तेव्हापासून दर रविवारी, भर रांगेसमोर, हा बाप पंचावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या मुलाने कापलेला तुकडा नाकाशी नेत होता. अमीनभाईंनी त्यांना समजावलं नसेल का? समजावलं असणार. पण मुलाच्या शब्दापेक्षा कॉलेजच्या साहेबाचा शब्द मोठा ठरला होता.

मी ओट्याच्या बाजूने आत गेलो. चपला रक्तमिश्रित पाण्यात होत्या, आणि त्याचं मला काही वाटलं नाही हे मागाहून लक्षात आलं. चाचांच्या खुर्चीपाशी वाकलो आणि त्यांच्या कानाशी, बेंबीच्या देठापासून, बोललो. "उस्मानचाचा, माल शिळा नव्हता. एक दिवससुद्धा नव्हता. मी खोटं बोललो. चूक माझी होती."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओळखलं की नाही कळेना. मग पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा ओरडलो, तितक्याच मोठ्याने. गल्लीतून जाणारा एक सायकलवाला थांबून बघू लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलं नाही.

"तीन वर्षं लागली?" चाचा म्हणाले.

मी हो म्हणालो. मागून कोणीतरी म्हणालं, काका, झालं असेल तर सरका, आणि मी भिंतीला लागून उभा राहिलो. पुढची पाळी वरदची होती. अमीनभाईंनी कापलेला तुकडा चाचांपुढे सरकवला. चाचांनी तो उचलला. हात सवयीने वर गेला, नाकाच्या वाटेवर निम्म्यात थांबला, तसाच खाली आला आणि त्यांनी तुकडा काट्यावर ठेवला. मग मुलाकडे पाहून पुढचा दे अशी मान हलवली. अमीनभाईंचा सत्तूर मात्र बराच वेळ ओंडक्यावर तसाच पडून राहिला, आणि रांगेतल्या कोणीही त्यांना घाई केली नाही.